प्रतिसाद कोणाचा कमी?



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांनी माझ्या क्षेत्रकार्याच्या वहीत लिहिलेल्या एका शब्दापासून सुरुवात करते. मी समाजकार्य पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते. खटाव तालुक्यात काम करणाऱ्या एका संस्थेत माझी नेमणूक झाली होती. दर मंगळवारी दुपारी तीन वाजता मारुतीच्या देवळात महिलांची बैठक घ्यायची, असं काम होतं. पहिल्या मंगळवारी बावीस जणी आल्या. पुढच्या वेळी चौदा, नंतर नऊ, मग पाच. मी वहीत लिहिलं, ‘महिलांचा प्रतिसाद कमी. जागृतीची गरज आहे.’ सरांनी ‘प्रतिसाद कमी’भोवती पेन्सिलीने गोल काढला आणि समासात लिहिलं, ‘कोणाचा?’

मला राग आला. उन्हातान्हात मी जातेय, बाया येत नाहीत, आणि हे मलाच विचारतायत! सर वाद घालत बसले नाहीत. पुढच्या मंगळवारी स्वतः एसटीने गावात आले. पावणेतीनला आम्ही सतरंजी टाकली. तीनच्या सुमाराला वेशीकडून टँकरचा हॉर्न ऐकू आला आणि बसलेल्या पाचांपैकी चौघी बोलता बोलता उठून गेल्या. पाचवी एक आजी होती. ती म्हणाली, ‘मला हंडा उचलत न्हाई बाई, म्हनून मी तुमच्या मीटिंगला.’

पुढच्या आठवड्यात आम्ही बैठक रात्री आठला, जेवणं उरकल्यावर ठेवली. तीसच्या वर बाया आल्या. मला वाटलं, शिकले मी. परतीच्या एसटीत सरांनी विचारलं, ‘तीनची वेळ ठरवली कोणी होती?’ मी चौकशी केली. वेळ जीपने ठरवली होती. संस्थेची एकुलती एक जीप पाच वाजता गावातून निघून साताऱ्याला पोचली पाहिजे, असा कार्यालयाचा नियम होता. त्यामुळे त्या पट्ट्यातल्या अकरा गावांत बैठका दुपारीच व्हायच्या, आणि अकराही गावांच्या अहवालांत ‘प्रतिसाद कमी’ लिहिलेलं असायचं. मी एका गावातली वेळ बदलून आले होते. बाकीच्या दहा गावांत टँकर येतच राहिला. नियम बदलायला पुढे आठ महिने लागले, आणि तो बदलला तोही एका जुन्या कार्यकर्तीने आपण गावातच मुक्काम करू, असं ठणकावून सांगितलं तेव्हा.

आज मला बोलायचंय ते त्या आठ महिन्यांबद्दल. एकटीदुकटी कार्यकर्ती रोज शिकत असते. वस्तीवर जाणारं माणूस शिकल्याशिवाय राहूच शकत नाही. पण तिनं शिकलेलं संस्थेच्या वेळापत्रकात, अर्जाच्या नमुन्यात, पैशाच्या हिशेबात कधी आणि कसं उतरतं? उतरत नसेल तर का उतरत नाही? ‘शिकणारी संस्था’ हा शब्द आता प्रत्येक प्रस्तावात असतो. मला त्या शब्दाच्या आतलं जीपचं वेळापत्रक बघायचं आहे.

अमेरिकेत ख्रिस अर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या दोन अभ्यासकांनी १९७८ मध्ये संस्थांच्या शिकण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांनी शिकण्याचे दोन प्रकार सांगितले. मी ते माझ्या उदाहरणाने सांगते. घरावरच्या पाण्याच्या टाकीत फ्लोट असतो. पाणी खाली गेलं की तो नळ उघडतो, टाकी भरली की बंद करतो. चुकतमाकत का होईना, तो आपलं काम सुधारत राहतो. हा पहिला प्रकार. पण ही टाकी इथे का आहे, हिचं पाणी कुणाच्या घरात जातं आणि कुणाच्या जात नाही, हे फ्लोट कधीच विचारणार नाही. ते विचारणं हा दुसरा प्रकार. आपल्या बहुतेक संस्था फ्लोटसारखं उत्तम शिकतात. दुसरा प्रकार अवघड जातो, कारण तो प्रश्न विचारणारं माणूस बहुधा टाकीच्या खाली, रिकामा हंडा घेऊन उभं असतं, आणि आपण त्याला ‘लाभार्थी’ म्हणत असतो.

आपल्याच जिल्ह्यांत हा दुसरा प्रकार घडला आहे. माण तालुका, पर्जन्यछायेतला. तिथल्या म्हसवडला आलेल्या चेतना गाला सिन्हा मूळच्या मुंबईच्या. जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातून घडलेल्या आणि लग्नानंतर माणदेशातच राहिलेल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करून पोट भरणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला पावसापासून आडोसा म्हणून प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते आणि कोणतीही बँक तिचं खातं उघडत नव्हती. रक्कम फार लहान, म्हणून. तिने कर्ज मागितलं नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. तेव्हा गावोगाव बायकांना कर्ज कसं द्यायचं याचा विचार चालला होता आणि ही बाई विचारत होती, माझे पैसे ठेवू कुठे?

त्यातून बायकांची स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नामंजूर केला. प्रवर्तक सभासद बायका निरक्षर होत्या, अर्जावर सह्यांच्या जागी अंगठे होते. चेतनाताई हताश होऊन परतल्या. बायका म्हणाल्या, रडायचं कशाला, शिकू की लिहायला. दिवसभर राबून त्या संध्याकाळी अक्षरं गिरवायला बसू लागल्या. पाच महिन्यांनी पुन्हा अर्ज केला, आणि या वेळी पंधरा जणी चेतनाताईंबरोबर अधिकाऱ्यांसमोर गेल्या. त्यांचं म्हणणं असं होतं, की आम्ही वाढलो तेव्हा गावात शाळा नव्हती, तो आमचा गुन्हा नाही. लिहायला येत नसेल, पण हिशेब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा आणि बघा आधी कोणाचं होतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. मला तिच्यात नियम कसा तपासला जातो ते दिसतं. अक्षर येत नाही म्हणजे पैसा कळत नाही, हे त्या नियमाच्या पोटातलं गृहीत होतं. बायकांनी अक्षरंही शिकून दाखवली आणि ते गृहीतही उघडं पाडलं. दोन्ही एकाच भेटीत.

आणि खरी शाळा पुढे भरली, ती बँकेची स्वतःची. बँक उघडली तरी बायका येईनात. (आपल्या अहवालात इथे काय लिहिलं असतं, तुम्हाला माहीत आहे.) बँकेत यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. मग बँक त्यांच्या दारात, बाजारात, टपरीवर जाऊ लागली. पुढे कार्ड आणि पिन नंबर आला. तेव्हा बायका म्हणाल्या, पिन नको. आकडा कुणीही बघून घेईल, घरातलंच कुणी पैसे काढून नेईल. आमचा अंगठा घ्या, तो कुणाला चोरता येत नाही.

मैत्रिणींनो, या अंगठ्यापाशी मी नेहमी थांबते. ज्या अंगठ्यापायी परवाना नाकारला गेला होता, तोच अंगठा त्याच बायकांनी पुढे सुरक्षेचा उपाय म्हणून बँकेला शिकवला. हे कुठल्या सल्लागाराला सुचलं नाही. ज्या बाईला घरात पैसे लपवण्याचा आयुष्यभराचा अनुभव आहे, तिला सुचलं. आणि ते ऐकून यंत्र बदलायला तयार असलेलं कार्यालय होतं, म्हणून ते घडलं. या दोन्हींतलं एक जरी नसतं, तरी पिन नंबर तसाच राहिला असता.

२०१२ च्या दुष्काळात हेच पुन्हा झालं. बायका जनावरांच्या वैरणीसाठी अंगावरचं सोनं गहाण टाकायला बँकेत येऊ लागल्या. बँकेला सोनं गहाण घेता येतं, ते तिच्या नियमात बसतं. पण जिथे विकत घ्यायला चाराच नाही, तिथे गहाणाच्या पैशाचं बाई करणार काय? म्हसवडला चारा छावणी सुरू झाली. काही आठवड्यांची म्हणून सुरू केलेली, ती पाऊसच न आल्याने दीड वर्ष चालली. बँक चालवणाऱ्यांनी शेणाच्या, वैरणीच्या, पाण्याच्या टँकरच्या हिशेबात दीड वर्ष काढलं. ‘हे आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही’ हे वाक्य आपल्या क्षेत्रात किती सहज येतं ते आठवून बघा. माझ्या तोंडून ते कितीदा गेलं आहे, याची मला लाज वाटते.

आता सांगलीकडे वळते. मीना शेषू आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था सुरू केली. तो एचआयव्हीच्या भीतीचा काळ होता. धंदा करणाऱ्या बायांकडे सरकार, डॉक्टर आणि आपल्यासारखे समाजकार्यवाले सगळेच ‘रोग पसरवणाऱ्या’ किंवा ‘वाचवायच्या’ म्हणून बघत होते. तिसरी नजरच नव्हती. संग्रामने निरोध वाटण्याचं, माहिती देण्याचं काम त्याच बायांच्या हाती दिलं. गिऱ्हाईक निरोधाला नकार देतं तेव्हा काय बोलायचं, हे बाहेरच्या प्रशिक्षकाला शिकवता येत नाही. ते गल्लीतल्या दुसऱ्या बाईलाच ठाऊक असतं. इथवरचं काम आज सगळीकडे ‘पीअर एज्युकेटर’ या नावाने चालतं आणि पुष्कळदा कमी मानधनात काम करून घेण्याची सोय होऊन बसलेलं असतं. संग्राममध्ये ते तिथे थांबलं नाही. १९९६ मध्ये या बायांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. ‘व्हॅम्प’ म्हणून आपण तिला ओळखतो. निरोध वाटणाऱ्या बाया आता पोलिसांच्या त्रासाबद्दल, दवाखान्यातल्या वागणुकीबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल स्वतः बोलू लागल्या. वस्तीतले तंटे सोडवणाऱ्या त्यांच्या समित्या झाल्या.

याची किंमत संस्थेला मोजावी लागते, आणि संग्रामने ती मोजली. अमेरिकेने २००३ मध्ये एड्सविरोधी मदतीचा मोठा कायदा केला. त्यात अट होती, की पैसा घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला आपला विरोध असल्याचं धोरण लेखी स्वीकारायचं. २००५ मध्ये संग्रामने सही करायला नकार दिला आणि तो पैसा सोडला. ज्या बाया संस्थेत निर्णय घेतात, त्यांच्याच जगण्याच्या विरोधात संस्थेने सही कशी करायची? २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट तिथल्या संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. परदेशी संस्थांना २०२० च्या निकालातही तो दिलासा मिळाला नाही. म्हणजे सांगलीतल्या एका संस्थेने आठ वर्षं आधी जी भूमिका घेतली, तिला तिथल्या न्यायालयाने अर्धीच साथ दिली.

मी नीतीच्या वादात शिरत नाही. या सभागृहात धंद्याबद्दल वेगवेगळी मतं असतील आणि ती असू द्यावीत. मी संस्था म्हणून बघते आहे. मोठा निधी समोर असताना, पगार थकणार हे दिसत असताना, ‘आपण कोणाला उत्तरदायी आहोत’ या प्रश्नाचं उत्तर बायांच्या बाजूने देता आलं, कारण ते उत्तर देण्याची सवय आधीची नऊ वर्षं व्हॅम्पच्या बैठकांमध्ये लागत गेली होती. एका रात्रीत असं धैर्य येत नाही.

खानापूर तालुक्यातल्या बळीराजा धरणाची आठवण मी ओझरतीच करते, कारण त्यावर या जिल्ह्यात पुष्कळ बोललं गेलं आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगार, भारत पाटणकर आणि मुक्ती संघर्ष चळवळीतले कार्यकर्ते, येरळा नदीच्या वाळूवर ठेकेदारांचा हक्क का, असा प्रश्न, आणि त्याच वाळूच्या पैशातून बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी उभं केलेलं धरण. के. आर. दाते यांच्यासारखा जाणता अभियंता त्यांच्यासोबत होता. मला त्यातला एकच निर्णय सांगायचाय: पाण्याचा वाटा घराला मिळणार, जमिनीला नाही, म्हणजे भूमिहीनालाही. हे कोणत्याही पाटबंधारे खात्याच्या नमुन्यात बसणारं नव्हतं. नमुनाच दुसरा मांडावा लागला.

आणि कर्मवीर भाऊराव पाटलांचं, आपल्या अण्णांचं, नाव घेतल्याशिवाय हे व्याख्यान पुढे नेणं बरोबर नाही. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेले भाऊराव. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्याचं वसतिगृह, ज्याला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची, स्वतः दळायची, रांधायची, शेतात राबायची. ‘लर्निंग कम्युनिटी’ या शब्दाला मराठीत प्रतिशब्द शोधताना माझे विद्यार्थी अडखळतात, तेव्हा मी त्यांना सांगते, साताऱ्याचं ते बोर्डिंग डोळ्यासमोर आणा. मुलांनी अण्णांकडून काय घेतलं हे सगळे सांगतात. पण एकाच चुलीवर वेगवेगळ्या घरांची मुलं जेवू लागली की स्वयंपाकघरात, मोरीत, पाण्याच्या रांजणापाशी रोज प्रश्न उभे राहतात आणि संस्थेला ते सोडवत सोडवत आपले नियम घडवावे लागतात. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने त्या चुलीसाठी मोडले, ते बहुतेक अशाच एखाद्या रात्री, दुसऱ्या दिवशी मुलं जेवणार काय या विवंचनेत.

मग संस्था म्हणून असं शिकणं आज आपल्याला का जमत नाही? मी चाळीस वर्षांत लहानमोठ्या पुष्कळ संस्थांच्या मासिक बैठकांना बसले आहे. बैठकीत अहवाल वाचला जातो. उद्दिष्ट साठ, साध्य अठ्ठावन्न. ‘अडचणी’ या रकान्यात ‘पावसामुळे’ किंवा ‘लग्नसराईमुळे’ लिहिलेलं असतं. कार्यकर्तीला खरी अडचण माहीत असते, पण तिची नेमणूक अकरा महिन्यांची आहे, प्रकल्प मार्चमध्ये संपणार आहे आणि समोर बसलेल्या माणसाच्या हातात तिचं पुढचं वर्ष आहे. ती कशाला सांगेल? महाविद्यालयात आम्ही तिला दर आठवड्याला लिहायला लावतो, मी काय बोलले, समोरची काय बोलली, मला काय वाटलं, माझं कुठे चुकलं. पदवी हातात पडली की तिची ती वही कायमची मिटते. मुंबईत १९३६ मध्ये टाटांच्या नावाने देशातली पहिली समाजकार्याची शाळा निघाली तेव्हापासून क्षेत्रकार्य आणि मार्गदर्शन हा आमच्या शिक्षणाचा कणा मानला गेला. नोकरीच्या जागी तो कणा आपण ठेवला नाही, याची जबाबदारी माझ्या पिढीच्या शिक्षकांवर येते.

एका संस्थेत आम्ही एक साधी गोष्ट करून पाहिली. महिन्यातून एक बैठक अशी, की जिच्यात अहवाल वाचायचा नाही. प्रत्येकीने फसलेलं एक काम सांगायचं. सुरुवात प्रमुखाने करायची, कार्यकर्तीने नाही. आणि बैठक संपताना कार्यालयाचा एक नियम, एक फॉर्म किंवा एक वेळ बदलायची, कितीही लहान असो. पहिल्या तीन बैठका अतिशय अवघडलेल्या गेल्या. चौथ्या बैठकीत ड्रायव्हरदादा बोलले. कोणत्या वस्तीवर बाया गाडी बघून घरात जातात आणि कोणत्या वस्तीवर बाहेर येतात, हे त्यांना वर्षानुवर्षं दिसत होतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

पुराचं सांगते आणि थांबते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. इशाऱ्याची पातळी चाळीस, धोक्याची पंचेचाळीस. ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढताना नाव उलटली, ते दुःख या जिल्ह्याच्या काळजातून जाणार नाही. पाणी ओसरल्यावर महाराष्ट्रभरातून मदतीचे ट्रक आले. आम्ही ज्या गावात होतो तिथे शाळेच्या पटांगणात कपड्यांचा ढीग झाला. जुने कपडे, भिजलेले, काही फाटके. बाया त्या ढिगाकडे बघत लांब उभ्या होत्या. आमच्या किटची यादी मी स्वतः केली होती. तांदूळ, डाळ, तेल, साबण, चादर. एका बाईने किट हातात घेऊन विचारलं, ‘ताई, शिजवू कशावर? जळण पाण्यात गेलंय.’ मी एवढी वर्षं या कामात, आणि माझ्या यादीत चूल नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यापासून आम्ही त्या गावात मे महिन्यात बैठक घेतो, पावसाच्या आधी. यादी बाया करतात. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं तेव्हा त्यांची यादी तयार होती. कोरडी काडेपेटी प्लास्टिकमध्ये बांधून. रॉकेलच्या जागी आता लहान गॅस शेगडी, चार घरांत एक. मासिक पाळीचे कपडे आणि पॅड. जनावरांची दावी कापायला विळा उंबऱ्याशी टांगलेला, रात्री शोधावा लागू नये म्हणून. रेशनकार्ड, आधार, सातबारा, मुलांचे दाखले एका पिशवीत, आणि ती पिशवी कुणाच्या गळ्यात, तेही नाव घालून. आमच्या संस्थेचा छापील किट-फॉर्म त्या वर्षी रद्द झाला. आता फॉर्ममध्ये वर गावाचं नाव आहे आणि खाली कोऱ्या ओळी आहेत.

गेल्या वर्षीच्या यादीत शेवटच्या ओळीवर एका आजींनी सांगून लिहून घेतलंय, ‘नाव चालवायला दोन पोरींना शिकवा. गडी मानसं पुराच्या टायमाला जनावरांमागं असत्यात.’ हे आमच्याकडून अजून झालेलं नाही. या मेच्या आत करायचं आहे. नदी संथ असेपर्यंत, हरिपूरच्या संगमाच्या वरच्या अंगाला शिकवता येईल असं तिथल्या नावाड्यांचं म्हणणं आहे. या सभागृहात ज्यांना वल्हवता येतं, ज्यांच्या ओळखीत कोणी नावाडी आहे, किंवा ज्यांच्याकडे लाइफ जॅकेट आहेत, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला डावीकडच्या दाराशी भेटावं. दोन्ही पोरी आज इथे आल्या आहेत, मागच्या रांगेत बसल्या आहेत.